एनेवेटाकवरची सहा महिन्यांची ड्युटी

एनेवेटाकला ड्युटी लागली की ती साधारण सहा महिन्यांची असे. १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेच्या भूदल, नौदल आणि हवाईदलाचे मिळून सुमारे चार हजार जवान आळीपाळीनं तिथे राहून आले. काम एका दमात सांगता येतं: जुन्या अणुचाचण्यांनी दूषित झालेली माती मोजायची, खरवडायची, बोटीत भरायची, रुनिट बेटावर न्यायची, सिमेंटमध्ये कालवून अणुस्फोटाच्या खड्ड्यात ओतायची आणि वर काँक्रीटचं झाकण घालायचं. किरणोत्सार मोजणारा अल्फा प्रोब, हवा गाळणारा रेस्पिरेटर आणि दूषित-स्वच्छ भागांमधली हॉट लाइन यांच्या सोबतीनं माझी नोकरी गेली. त्यामुळे या कामाची कागदपत्रं वाचताना नजर आकड्यांपेक्षा हातांकडे जाते. कुणी कशाला हात लावला, हातात काय घातलं होतं, आणि यंत्राला काय दिसत होतं. यंत्राला काय दिसत होतं, हा प्रश्न तर या कामात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पुरला.

एनेवेटाक हे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमधलं कंकणद्वीप. सुमारे चाळीस लहान बेटांचं कडं आणि मध्ये हजारेक चौरस किलोमीटरचं खारं सरोवर. १९४७च्या डिसेंबरमध्ये तिथल्या लोकांना उजेलांग या दूरच्या बेटांवर हलवलं आणि १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत तिथे ४३ अणुस्फोट केले. १ नोव्हेंबर १९५२चा ‘माइक’ १०.४ मेगाटनांचा होता. त्यात एलुगेलाब हे बेटच नाहीसं झालं. मोठ्या स्फोटांची नावं लोकांच्या लक्षात राहतात, पण साफसफाई करणाऱ्याला त्रास देतो तो फसलेला स्फोट. ऑगस्ट १९५८मध्ये रुनिटवरचा ‘क्विन्स’ पेटलाच नाही. साखळीक्रिया झाली नाही, बॉम्बमधला नेहमीचा स्फोटक मसाला तेवढा उडाला आणि प्लुटोनियमचे कण, तुकडे बेटावर विखुरले. बारा दिवसांनी जवळजवळ त्याच जागी ‘फिग’ उडवला. मधल्या काळात तिथे बुलडोझर फिरले होते. वरची माती खाली गेली, खालची वर आली. वीस वर्षांनंतर आलेल्या जवानांच्या वाट्याला हा असा काला आला.

पैशांची बाजूही सांगायला हवी, कारण पद्धती तिच्यातून ठरल्या. अमेरिकन काँग्रेसनं या सफाईसाठी २ कोटी डॉलर दिले आणि माणसं व यंत्रं लष्करानं आपली वापरावीत असं ठरवलं. माती जहाजानं अमेरिकेत नेणं किंवा खोल समुद्रात टाकणं हे पर्याय मागे पडले. उरला तो तिथल्या तिथे पुरण्याचा. जागा होती ६ मे १९५८च्या ‘कॅक्टस’ स्फोटानं रुनिटच्या उत्तर टोकाला केलेला खड्डा. रुंदी शंभर मीटरच्या वर, खोली नऊएक मीटर, आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेला.

जवान उतरे तो दक्षिणेच्या एनेवेटाक बेटावरच्या मुख्य तळावर. उत्तरेच्या बेटांवर काम असणारे लोज्वा नावाच्या छोट्या बेटावरच्या छावणीत राहत. जवान बेटांची नावं क्वचितच घेत; त्यांच्या तोंडी चाचण्यांच्या काळातली सांकेतिक नावं होती. रुनिट म्हणजे ‘इव्हॉन’, एन्जेबी म्हणजे ‘जॅनेट’, आओमॉन म्हणजे ‘सॅली’, लोज्वा म्हणजे ‘उर्सुला’. जुने नकाशे आणि नोंदवह्या वाचायच्या तर ही जोडी पाठ हवी, नाहीतर एका बेटाचं मोजमाप दुसऱ्याच्या खात्यात चढतं.

पहिली गोष्ट मिळे ती छातीवर लावायचा बिल्ला. हा फिल्म बॅज बाहेरून येणारे गॅमा आणि जोरकस बीटा किरण नोंदवतो. प्लुटोनियमचा अल्फा कण हवेत तीन-चार सेंटीमीटर जेमतेम जातो. तो कागदानं अडतो, कातडीच्या वरच्या मृत थरानंही अडतो. म्हणजे ज्या पदार्थासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो या बिल्ल्याला दिसतच नव्हता. प्लुटोनियमचा धोका श्वासातून किंवा जखमेतून आत गेल्यावर सुरू होतो आणि आत गेलेलं शोधायचं तर लघवीची तपासणी, नाकातले बोळे आणि हवेचे फिल्टर यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. त्यातही विषुववृत्ताजवळच्या त्या दमट उकाड्यात फिल्म खराब होऊ लागली, पाणी शिरलं, काळे डाग पडले. पुढे त्यांच्या जोडीला टीएलडी, म्हणजे तापवल्यावर उजेड देणाऱ्या स्फटिकांचे बिल्ले आले. हे स्फटिक ओलसरपणा पुष्कळ चांगला सोसतात. कोकणात पावसाळ्यात ज्यानं कॅमेऱ्याचे रोल वापरले आहेत त्याला फिल्म बॅजचं काय झालं असेल ते समजावून सांगायला नको.

पोशाखाच्या पायऱ्या होत्या. जिथे धूळ उडण्याचा संभव कमी, तिथे रबरी बूट आणि साधा कपडा. त्यावर तोंडाला मास्क. त्यावर रेस्पिरेटर. आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे आख्खा अंगरखा, हातमोजे, मनगटाला आणि घोट्याला चिकटपट्टी, चेहरा पूर्ण झाकणारा रेस्पिरेटर. रेस्पिरेटर घातला की झालं, असं नसतं. कडा चेहऱ्याला सर्व बाजूंनी बसली पाहिजे. दाढीचे दोन दिवसांचे खुंट असले तरी फट राहते. दोन्ही फिल्टरांवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्यावर आवळून बसला आणि तसाच राहिला तर ठीक, सैल पडला तर पट्टे पुन्हा. घाम सुटला की कडा घसरते. म्हणून दर विश्रांतीनंतर ही चाचणी पुन्हा करायची असते आणि माणसं नेमकी तीच टाळतात. तिथल्या उन्हात अंगरख्याच्या आत पाण्याच्या धारा लागतात. उष्माघात हा किरणांपेक्षा कितीतरी जवळचा शत्रू असतो, आणि तो टाळायचा म्हणून पोशाखाची पायरी खाली आणण्याचा मोह प्रत्येक प्रमुखाला होतो. त्या काळच्या छायाचित्रांत बरेच जवान चड्डी, टोपी आणि बुटांत काम करताना दिसतात. काही ठिकाणी ते नियमाला धरून होतं. पण डोझरच्या मागे धुळीचा लोट उठल्यावर तो कुठे सीमा पाळतो?

माती मोजण्याचं काम ऊर्जा खात्याच्या लोकांकडे होतं आणि ते मला या सगळ्या मोहिमेतलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. इम्प नावाची पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडी होती. तिच्या लांब दांड्याला जर्मेनियमचा डिटेक्टर जमिनीपासून सातेक मीटर उंचीवर टांगलेला असे. हा डिटेक्टर द्रवरूप नायट्रोजननं सतत थंड ठेवावा लागतो. तो संपला की त्या दिवसाचं मोजमाप संपलं. प्लुटोनियम स्वतः गॅमा किरण नगण्य देतं. पण बॉम्बच्या प्लुटोनियममध्ये थोडं प्लुटोनियम-२४१ असतं, ते सुमारे १४ वर्षांच्या अर्धायुष्यानं अमेरिसियम-२४१ बनतं आणि अमेरिसियम ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणाच्या ऊर्जेचं माप) जवळपास एक स्वच्छ गॅमा रेघ, म्हणजे एकाच ठरावीक ऊर्जेचा किरण, देतं. ती रेघ मोजायची आणि प्लुटोनियम-अमेरिसियमच्या गुणोत्तरानं गुणायचं. बेटावर चौकोनी जाळं आखलेलं असे, सुरुवातीला ५० मीटरचं, गरज पडेल तिथे २५ मीटरचं. गाडी एकेका खुंटीवर उभी करून आकडा घ्यायचा.

यात तीन ठिकाणी चूक होते. पहिलं, गुणोत्तर सगळीकडे सारखं नसतं. प्रत्येक स्फोटाचं साहित्य वेगळं, त्यामुळे प्रत्येक बेटावरून मातीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करण करून गुणोत्तर ठरवावं लागतं. एका बेटाचं दुसऱ्याला चालत नाही. दुसरं, ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट हा दुबळा किरण आहे. प्रवाळाच्या चुनखडी मातीत दीड-दोन सेंटीमीटरला तो निम्मा होतो. डिटेक्टरला वरचे काही सेंटीमीटरच दिसतात. बुलडोझरनं वीस वर्षांपूर्वी खाली दाबलेला थर त्याला दिसतच नाही. म्हणून जिथे शंका तिथे खड्डे खणून थराथराचे नमुने. तिसरं, झाडोरा आणि पाऊस. झुडपं उभी असतील तर किरण त्यांत अडतो, माती भिजलेली असेल तर आकडा कमी येतो. म्हणून आधी झाडी साफ करायची आणि मगच मोजायचं.

धातूचा भंगार, काँक्रीटचे ठोकळे, पत्रे, वायरी यांच्यावर मात्र हातातला अल्फा प्रोब फिरवावा लागे. हे काम ज्यानं केलं नाही त्याला ते सोपं वाटतं. प्रोबची खिडकी म्हणजे मायलरचा अतिशय पातळ पापुद्रा. पृष्ठभागापासून तो अर्धा-एक सेंटीमीटर धरायचा, आणि हळू सरकवायचा, सेकंदाला काही सेंटीमीटर. घाई केली की काटा हलायच्या आत जागा मागे जाते. गवताचं एक वाळकं पातं किंवा प्रवाळाचं टोक लागलं की पापुद्र्याला टाचणीएवढं भोक पडतं, आत उजेड शिरतो आणि काटा थेट टोकाला जातो. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं मोठं घबाड सापडलं. प्रोब सावलीत नेऊन, हातानं झाकून पाहायचं. आकडा पडला तर भोक. याच्या उलटी चूक जास्त वाईट. पत्र्यावर दव असलं, पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर असला, गंज वर आला असला की अल्फा कण त्यातच जिरतात आणि काटा शून्यावर राहतो. शून्य दिसलं म्हणजे स्वच्छ आहे असं नाही. आधी पृष्ठभाग कोरडा होता का, हे विचारायचं असतं. सकाळी दव उडेपर्यंत अल्फाचं मोजमाप सुरू करू नये हे आमच्या धंद्यातलं पहिलं बाळकडू.

भंगाराची मग दोन गटांत वाटणी होई. स्वच्छ ठरलेला सरोवरात ठरवलेल्या जागी बुडवला गेला, दूषित ठरलेला रुनिटला गेला.

मातीसाठी मर्यादा ठरलेल्या होत्या. प्लुटोनियम आणि त्याच्या जातीची मूलद्रव्यं मिळून ग्रॅमला ४०० पिकोक्युरीच्या वर असतील तर माती काढायचीच. ४०च्या खाली असेल तर राहू द्यायची. मधल्या पट्ट्यात बेटाचा उपयोग बघून ठरवायचं: राहण्याच्या बेटावर पाव हेक्टरच्या सरासरीनं ४०, शेतीच्या बेटावर अर्ध्या हेक्टरच्या सरासरीनं ८०, नुसतं फळं-खेकडे गोळा करायला जायच्या बेटावर १६०. चाळीस पिकोक्युरी म्हणजे एक ग्रॅम मातीत सेकंदाला दीड अणू फुटणं. सरासरी हा शब्द इथे फार काम करतो. पाव हेक्टरमध्ये एक कणीदार जागा हजारावर असली आणि बाकी सगळं स्वच्छ असलं तर सरासरी बसते. रुनिटवर क्विन्सचे तुकडे असेच होते. मातीत मिसळलेली भुकटी सरासरीत धरता येते, पण सुटा कण सरासरीत येत नाही.

खरवडताना डोझर आणि लोडर साधारण सहा इंचांचा थर उचलत. थर उचलला की पुन्हा इम्प गाडी, पुन्हा आकडे, जिथे अजून जास्त तिथे पुन्हा सहा इंच. सहा इंच सांगणं सोपं असतं. सैल वाळूसारख्या प्रवाळ मातीत पातं खाली बसतं आणि नऊ-दहा इंच येतात, म्हणजे तेवढी स्वच्छ माती फुकट दूषित झाली आणि तेवढंच सिमेंट जास्त लागलं. पात्याच्या दोन्ही टोकांना मातीचे बांध सुटतात. ते वेळीच उचलले नाहीत तर पुढच्या फेरीत पट्ट्यांखाली चिरडून साफ केलेल्या जमिनीत दाबले जातात. म्हणून जास्त दूषित भागाकडून कमी दूषित भागाकडे यंत्र कधीही न्यायचं नसतं. बाहेरून आत काम करायचं आणि निघताना पट्टे धुवायचे. धूळ दाबायला पाणी मारायचं, पण बेताचं. चिखल झाला की तो चाकांना चिकटून बोटीपर्यंत जातो.

माती निघाली ती बोकेन, एन्जेबी, लुजोर, आओमॉन आणि रुनिट या बेटांवरून, त्यात सर्वांत जास्त एन्जेबीची. एकूण एक लाख घनयार्डांच्या वर. आपल्या हिशेबानं २७ हजार ब्रासच्या आसपास. तीन ब्रासचा डंपर धरला तर नऊ हजार खेपा, आणि त्यांतल्या बहुतेक समुद्रावरून.

आओमॉनवर एक निराळंच प्रकरण होतं, तिथला पुरलेला दूषित माल. चाचण्यांच्या वेळी तो तिथेच जमिनीखाली टाकून बुजवलेला होता. खणायला लागल्यावर कळे की माल भूजलाच्या पातळीखाली जातो. अशा बेटांवर पाणी हाताच्या अंतरावर असतं आणि भरतीबरोबर वरखाली होतं. खणलेला खड्डा भरत राहतो, कडा ढासळतात, ढासळलेली स्वच्छ माती दूषित होते. ओला माल उचलला की पाणी गळतं आणि ते पाणीही मोजावं लागतं. कोरड्या थराच्या मानानं असं एक घनयार्ड कितीतरी पटीनं महाग पडतं.

वाहतूक नौदलाच्या सपाट पोटाच्या, पुढचा दरवाजा उघडणाऱ्या बोटींतून होई. आधी भरलेले ट्रकच बोटीवर चढवून नेत. त्यात बोटीची निम्मी जागा ट्रकच खात. पुढे माती थेट बोटीच्या पोटात भरायची आणि रुनिटला लोडरनं उपसायची अशी पद्धत आली. खेपा कमी झाल्या, पण बोटच दूषित पात्र झाली. कोपऱ्याकोपऱ्यात, दरवाज्याच्या बिजागरीत माती बसते, आणि दुसऱ्या कामाला नेण्याआधी ती धुऊन तपासावी लागते. वरून ओलं ताडपत्रीचं झाकण नसेल तर व्यापारी वारा कोरडी भुकटी उडवून चालकाच्या तोंडावर आणतो.

रुनिटवरचं काम दोन टप्प्यांचं होतं. खड्ड्यात पाणी होतं आणि ते उपसणं शक्य नव्हतं, कारण सच्छिद्र प्रवाळातून समुद्र आत-बाहेर करत होता. म्हणून पाण्याखाली काँक्रीट घालायची ट्रेमी पद्धत वापरली. माती चाळायची, सिमेंट आणि पाणी घालून सरसरीत राबडी करायची, पंपानं नळीतून तळाशी सोडायची. यातला एकच नियम जिवापाड सांभाळायचा असतो: नळीचं तोंड आधी ओतलेल्या मालात रुतलेलंच राहिलं पाहिजे. तोंड वर येऊन पाण्यात उघडं पडलं की माल पाण्यातून खाली पडतो, सिमेंट धुऊन जातं आणि तळाला नुसती वाळू बसते. पंपाचं दुखणं वेगळं. प्रवाळाचे खडे टोकदार असतात, दोन-तीन अडकले की नळी चोंदते, आणि सिमेंट आवळायच्या आत ती मोकळी करावी लागते. चोंदलेली नळी उघडणारा माणूस दूषित राबडीत कोपरापर्यंत जातो. पोशाखाच्या कुठल्या पायरीवर तो उभा आहे हे तेव्हा पाहायचं.

राबडी पाण्याच्या वर आल्यावर दुसरा टप्पा. खड्ड्याभोवती काँक्रीटची गोल भिंत घेतली आणि आत रस्त्याच्या कामासारखं काम सुरू झालं: मातीचा थर पसरायचा, त्यावर सिमेंट टाकायचं, नांगरासारख्या चकत्यांनी उलटंपालटं करायचं, पाणी मारायचं, व्हायब्रेटर रोलरनं दबाई करायची, मग पुढचा थर. कोरडं सिमेंट आणि कोरडी दूषित माती एकत्र ढवळली जाते ते हे ठिकाण. धुळीच्या दृष्टीनं मला हा साऱ्या साखळीतला सर्वांत वाईट दुवा वाटतो. दूषित भंगारही याच ढिगात गाडला. जानेवारी १९७९मध्ये ‘अ‍ॅलिस’ वादळानं बेटांना झोडपलं, माणसं हलवावी लागली, तळाची पडझड झाली आणि परतल्यावर आधी मोडतोड निस्तरावी लागली.

शेवटी घुमट. दीड फूट जाडीचे ३५८ काँक्रीटचे तुकडे, जागेवरच ओतलेले, वर्तुळात वर्तुळ अशा ओळींनी. व्यास एकशे पंधराएक मीटर, मधली उंची सात-आठ मीटर. हे झाकण वारा-पावसानं माती उडू नये, वाहू नये यासाठी होतं. खड्ड्याच्या तळाला अस्तर घातलेलं नव्हतं. भरती आली की खालचं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, आणि तळाशी जिथे सिमेंट नीट धरलं नसेल तिथून विरघळणारं विरघळतं. प्लुटोनियम-२३९चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. त्यापुढे दीड फुटांचा काँक्रीट म्हणजे चार दिवसांचा मांडव. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की घुमटाखालचं प्लुटोनियम सरोवराच्या तळगाळात आधीपासून पडलेल्या साठ्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. सरोवराचा गाळ कुणी उपसला नव्हता.

दिवस संपताना हॉट लाइन. ही जमिनीवर आखलेली रेघ, तिच्या अलीकडे दूषित आणि पलीकडे स्वच्छ. बूट धुवायचे, चिकटपट्टी सोडायची, अंगरखा बाहेरची बाजू आत गुंडाळत उतरवायचा, झटकायचा नाही. आतले हातमोजे ठेवून मग मास्क, आणि मास्क शेवटी, कारण कपडे उतरवताना जी धूळ उडते ती दिवसभरातल्या धुळीइतकीच खरी असते. मग तळवे, तळपाय, केस, नाकाखालचा भाग यांवर प्रोब. माणूस घामानं निथळत असतो, आणि घामाच्या थरात अल्फा जिरतो हे वर सांगितलंच. म्हणून आधी टिपून कोरडं करायचं. थकलेली, जेवणाची वाट पाहणारी रांग मागे उभी असताना प्रत्येकाला हा वेळ देणं हे तपासनिसाच्या चिकाटीचं काम. प्रवाळानं कापलेली जखम असेल तर त्या माणसाला दूषित भागात पाठवायचंच नसतं. जखमेतून गेलेलं प्लुटोनियम थेट हाडांत आणि यकृतात जाऊन बसतं. आणि प्रवाळावर काम करून न कापलेला माणूस सापडणं कठीण.

हवेचे नमुने रोज घेत. फिल्टर काढल्या काढल्या मोजला तर हवेतल्या नैसर्गिक रेडॉन वायूच्या पिल्लांमुळे, म्हणजे त्यातून बनणाऱ्या अल्पजीवी किरणोत्सारी अणूंमुळे, आकडा फुगतो. म्हणून तो ठेवून द्यायचा आणि काही तासांनी, काही दिवसांनी पुन्हा मोजायचा. तरीही उरतं ते खरं. अधिकृत नोंदींप्रमाणे हे आकडे मर्यादेच्या फार खाली राहिले. तिथे राबलेल्या अनेकांना ते पटलेलं नाही. माझा प्रश्न साधा आहे: हवा खेचणारं यंत्र कुठे ठेवलं होतं आणि माणसाचं नाक कुठे होतं? यंत्र मैदानाच्या कडेला आणि माणूस ढवळणाऱ्या चकत्यांमागे असेल तर दोघांची हवा एक नाही.

एवढं करून एन्जेबीचं काय झालं ते पाहा. एनेवेटाकचे लोक दोन शाखांचे, दक्षिणेचे आणि उत्तरेचे. उत्तरेच्या लोकांचं घर एन्जेबी. मातीतलं प्लुटोनियम जवानांनी तिथून सर्वांत जास्त कष्टानं काढलं. पण राहण्यात आडवं आलं ते सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. प्रवाळ मातीत चिकणमाती नसते, पोटॅशियम तर फारच कमी. सिझियमला धरून ठेवायला काही नसतं आणि पोटॅशियमला भुकेलं झाड तेच उचलतं. ते नारळात उतरतं, केवड्याच्या जातीच्या फळात उतरतं, आणि बेटावरचा माणूस तेच खातो. सहा इंच माती काढून हे सुटत नाही, कारण मुळं खाली असतात, आणि सुपीक थर होता तोच सहा इंचांचा. १९८०मध्ये लोक परतले ते एनेवेटाक, मेड्रेन, जाप्टान या दक्षिणेच्या बेटांवर. एन्जेबीचे लोकही तिथेच. मार्शल बेटांवर पुढे झालेल्या प्रयोगांत पोटॅशियमचं खत घातल्यावर नारळातलं सिझियम फार खाली आलं. पोटॅशचं पोतं हे उत्तर खरवडण्यापेक्षा किती हलकं! १९७७ साली ते कुणाच्या आराखड्यात नव्हतं. रुनिट बेटावर कायमची बंदी आहे. क्विन्सचे कण तिथे अजून आहेत.

सहा महिने भरले की जवान लघवीचा नमुना देऊन, बिल्ला परत करून घरी जाई. मोहिमेत सहा जण मरण पावले. परतलेल्यांना पुढे आजार झाले आणि ते मदत मागायला गेले, तेव्हा त्यांच्यापुढे त्याच नोंदी ठेवल्या गेल्या: बिल्ल्यावर आकडा नाही, म्हणजे किरणांची मात्रा नाही. चाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या जवानांना कायद्यानं जी मान्यता होती ती सफाई करणाऱ्यांना नव्हती. हे स्फोटाचे साक्षीदार नव्हते, नंतर आलेले होते. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत पॅक्ट कायदा झाला आणि त्यात एनेवेटाकची सफाई आली. आता ठरवलेल्या आजारांसाठी बिल्ल्याचा आकडा दाखवावा लागत नाही. १ जानेवारी १९७७ ते ३१ डिसेंबर १९८० या तारखांमध्ये तुम्ही त्या सफाईच्या कामावर होता, एवढंच सिद्ध करावं लागतं.